मूत्रपिंडाच्या पेशींचा अभ्यास आणि ‘स्कोप’चा प्रश्न

ऐरोलीच्या पालकांस,
सप्रेम नमस्कार.

तुमची कन्या ठाण्यातील महाविद्यालयात बी.एस्सी. बायोटेक्नॉलॉजीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मूत्रपिंडाच्या पेशी अमिनो आम्ले, म्हणजे प्रथिनांचे घटक, कशी शोषून घेतात, यावर तिला संशोधन करायचे आहे; मात्र एवढ्याशा विषयाला स्कोप काय, त्यापेक्षा एमबीए बरे नाही का, असे तुम्ही विचारले आहे.

विषय दिसतो तेवढा लहान नाही. आपली मूत्रपिंडे दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्याबरोबर रक्तातील अमिनो आम्लेही बाहेर पडतात आणि नेफ्रॉन या मूत्रपिंडातील सूक्ष्म गाळणीच्या सुरुवातीच्या नलिकेतील पेशी त्यांतील जवळजवळ सगळी परत घेतात. या पेशी सोडियम सतत बाहेर उपसत असतात. ते पुन्हा आत शिरू पाहते, तेव्हा त्या ओढीचा उपयोग करून अनेक वाहक प्रथिने अमिनो आम्ले आत आणतात. प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींना अमिनो आम्ले मिळेनाशी झाली, तर काही तासांतच विशिष्ट वाहकांचे काम वाढते, म्हणजे शोषण किती करायचे यावरही पेशीचे नियंत्रण असते. सिस्टिन या अमिनो आम्लाचा वाहक जन्मतः सदोष असल्यास सिस्टिन्युरिया हा आजार होतो आणि वारंवार मुतखडे होतात. याच नलिकेत ग्लुकोज परत घेणाऱ्या वाहकाला अडवणारे डॅपाग्लिफ्लोझिन हे औषध आज मधुमेहावर सर्रास दिले जाते. त्यामुळे वाहकांची जाण असलेल्या माणसाला औषधनिर्मितीच्या क्षेत्रात काम नाही, असे मी म्हणणार नाही.

मला स्कोपपेक्षा स्वभावाची चिंता अधिक वाटते. पुस्तकातील आकृती आवडणे वेगळे आणि रविवारीही येऊन पेशींचे मीडियम, म्हणजे पोषक द्रव, बदलणे, बुरशी लागली की कित्येक आठवड्यांचे काम टाकून देऊन नव्याने सुरुवात करणे वेगळे. शिवाय शोषणाचा वेग मोजायचा म्हणजे गणित आलेच. पदार्थाचे प्रमाण आणि वेग यांचा संबंध सांगणारे मायकेलिस-मेंटेनचे समीकरण तिला समजले आहे की नुसतेच पाठ आहे, हे तिने स्वतःशी प्रामाणिकपणे तपासावे.

एम.एस्सी.साठी जॅम आणि गॅट-बी या दोन्ही प्रवेश परीक्षा तिने द्याव्यात. जॅममधून पवईच्या आयआयटीचा मार्गही खुला होतो. पुढे पीएच.डी.ची साधारण पाच-सहा वर्षे धरावीत. नेट-जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाल्यास पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि घरभाडे भत्ता मिळतो. घरावर कर्जाचे हप्ते असतील, तर हा हिशेब आताच मुलीसमोर मांडावा, नंतर नव्हे. एमबीए मात्र एम.एस्सी.नंतरही करता येते, त्यामुळे त्याची घाई नसावी.

निर्णयापूर्वी तिने टिश्यू कल्चर, म्हणजे पेशी वाढवण्याचे काम, चालणाऱ्या एखाद्या प्रयोगशाळेत उन्हाळी प्रकल्प करावा. खारघरच्या संशोधन संस्थेत, म्हणजे अ‍ॅक्ट्रेकमध्ये विद्यार्थ्यांसाठी प्रशिक्षणाच्या जागा निघाल्या आहेत का, हे संस्थेच्या संकेतस्थळावर पाहावे. तेथील संशोधन कर्करोगाचे असले, तरी पेशी वाढवण्याची शिस्त तीच आहे, आणि ऐरोलीहून रोज लोकलने जाऊन-येऊन हे काम करता येईल.