इराणी हॉटेलसारखी पाटी फ्लेक्सवर छापली तर चालेल का?

तुमचा प्रश्न असा: डोंबिवलीत छोटं कॅफे काढतोय, जुनी इराणी हॉटेलं लोकांना अजून का आवडतात, आणि तशी पाटी फ्लेक्सवर जुनाट फॉन्टमध्ये छापून घेतली तर चालेल का?

नाही चालणार. पहिल्या भागाचं खरं उत्तर हॉटेलवाल्याने द्यावं, मी पाट्या रंगवणारा. धोबीतलावचं क्यानी १९०४चं, ग्रँट रोडचं मेरवान १९१४चं. असल्या हॉटेलात माणसं ब्रून मस्का, म्हणजे कडक पाव आणि लोणी, चहात बुडवायला जातात, पाटी बघायला नाही. संगमरवरी टेबलं, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, बरण्या आणि भिंतीवरचे आरसे तुमच्याकडे नसतील तर एकट्या पाटीने काही होणार नाही.

आता पाटी. ‘रेट्रो’ म्हणजे कोपरे घासलेले आणि रंगावर चहाचं पाणी फिरवलेलं, हे खूळ डिझायनर मंडळींनी काढलंय. इराण्याने पाटी टांगली त्या दिवशी ती करकरीत नवी होती. असाच एक मुद्दाम म्हातारा केलेला बोर्ड दुरुस्तीला आला होता. आठ बाय दोन फूट, जस्ताचा मुलामा असलेला २२ गेजचा पत्रा, हिरव्यावर पिवळी अक्षरं. एका पावसाळ्यात तो आपोआपच म्हातारा झाला. ‘कॅफे’ची शिरोरेषा नखाने उचलली तर वीतभर पट्टी पापडासारखी हातात आली, आणि खाली पत्रा लख्ख. गंजाचा ठिपका नाही.

गंज नाही म्हणजे रंग वाईट नव्हता, पत्र्याशी त्याचं पटलं नाही. साधं तेलाचं इनॅमल थेट जस्तावर मारलं की दोघांच्या मध्ये हळूहळू साबणासारखा थर धरतो. ओल लागली की रंग सुटतो, मग डबा कितीही महाग घ्या. उपाय: रंग रिमूव्हरने पूर्ण काढा. साबणाच्या पाण्याने तेलकटपणा घालवा. २२० नंबरचा पॉलिश पेपर हलका फिरवा, फक्त चमक मारायची, जस्त खरवडायचं नाही. भोकं आत्ताच पाडा. रंगवून झाल्यावर पाडलेल्या भोकाची कड उघडी राहते आणि गंजाचा ओघळ तिथूनच सुरू होतो. मग दोन भाग कालवून करायचा एच (etch) प्रायमर, म्हणजे पत्र्याला धरून बसणारा पहिला हात, इतका पातळ की खालचा पत्रा पुसट दिसला पाहिजे. जाड मारलात तर तोच सुटेल. कालवलेला उद्यासाठी ठेवायचा नाही, आणि दमट हवेत मारायचा नाही, म्हणजे जुलैत हे काम धरूच नका. त्यावर नेहमीचा प्रायमर, मग इनॅमलचे दोन हात, मध्ये २४ तास. अक्षरांवर वार्निश मारू नका, पिवळं पडतं. चौकटीच्या खालच्या पट्टीला ६ मिमीची दोन-तीन भोकं ठेवा, नाहीतर तिथे पाणी साठतं.

दुसरी चूक मापाची. जुन्या बोर्डावरची इंग्रजी कॅपिटल अक्षरं सगळी एका उंचीची, पट्टा भरून बसतात. त्याच पट्ट्यात मराठी कोंबलं की मात्रा चौकटीला आपटतात, मग पेंटर अक्षरं बारीक करतो आणि नाव मरतुकडं दिसतं. दोन फुटी बोर्डाला वर-खाली दोन-दोन इंच सोडा. उरलेल्या वीसपैकी तीन इंच मात्रांना, सात इंच अक्षराच्या अंगाला, दोन उकारांना. दोन इंच मोकळे, आणि खाली सहा इंचांत इंग्रजी. नावात उकार नसेल तर ते दोन इंच अंगाला द्या. २०२२च्या दुरुस्तीनंतर दहापेक्षा कमी कामगारांच्या दुकानालाही मराठी पाटी लागते आणि मराठी अक्षर दुसऱ्या लिपीपेक्षा लहान चालत नाही, त्यामुळे हे नुसतं सौंदर्याचं प्रकरण नाही.

फॉन्ट छापून त्याचा खाका करायलाही, म्हणजे त्यावरून पाटीवर अक्षरं उतरवायलाही, माझी हरकत असते. फॉन्टमधला प्रत्येक ‘क’ सारखा. पेंटर पहिल्या ‘क’चा कान शेजारचा काना बघून आखडतो, दुसऱ्याचा मोकळा सोडतो. जुनी पाटी डोळ्याला भरते ती यामुळे, पोपडे आल्यामुळे नाही. हे मी कॅफेवाल्यांच्या बैठकीत सांगतो तेव्हा मला ‘मूडबोर्ड’, म्हणजे नमुन्याच्या चित्रांचा तक्ता, दाखवतात.

आत भिंतीवर काचेची पाटी करणार असाल तर क्रम उलटा: काचेच्या मागून आधी बारीक कड, मग सावली, मग अक्षराचं पोट, शेवटी पार्श्वभूमी. बटर पेपरवरचं चित्र काचेच्या पुढच्या बाजूला असं चिकटवा की समोरून सरळ वाचता येईल, आणि मागून दिसतं तसं उलटं रंगवा. चित्राचा चेहरा काचेकडे केलात तर मागून सरळ दिसतं, हात खुशीत चालतो, आणि काच फिरवल्यावर कळतं की हॉटेलचं नाव आरशात वाचावं लागणार. सोनेरी वर्ख लावायचा तर तो चिकटवायला अर्धा लिटर डिस्टिल्ड वॉटर गरम करून त्यात जिलेटिनच्या एक-दोन रिकाम्या कॅप्सूल विरघळवा. जास्त घातलं तर सोनं धुरकट दिसतं.

एक राहिलं. पाटी पश्चिमेला, थेट उन्हात असेल तर लाल रंग टाळा, बहुतेक लाल आधी विटतात. आणि कॅफे भाड्याच्या गाळ्यात, वर्षाच्या कराराने असेल तर एवढा खर्च करू नका. मग फ्लेक्सच लावा, फक्त त्यावर गंज छापू नका.