फोटोओळ कुठे आहे?

प्रिय बाळ,

इटलीतल्या व्होल्तेर्रा गावाच्या त्या ओसाड मनोरुग्णालयाचे तू पाठवलेले सगळे फोटो पाहिले. प्रकाश तुला कळतो, त्यावर बोलत नाही. तू विचारतेस, मालिका कृष्णधवल करू की रंगीत, आणि ती गंजकी खाट दाराच्या चौकटीत ओढून घेतली असती तर फोटो जमला असता का. खाट जागेवरच ठेवलीस ते उत्तम केलंस. पण तुझ्या घोळाचं मूळ वेगळंच आहे. एकाही फोटोखाली फोटोओळ नाही. ही खोली कुठल्या इमारतीतली? पुरुषांची की बायकांची? इथे झोपवत की कोंडत?

फेर्री इमारतीच्या अंगणातली भिंत तू 'टेक्स्चर' या नावाने पाठवलीस, तेव्हा मात्र राग आला. अगं, ते एका माणसाचं लिखाण आहे! फेर्नान्दो ओरेस्ते नान्नेत्ती, जन्म रोममध्ये, १९२७. १९५८ साली त्याला व्होल्तेर्राला आणलं. बाहेर सोडत तेवढ्या वेळात गणवेशाच्या जाकिटाच्या बकलाने तो गिलाव्यावर कोरत राहिला, वर्षानुवर्षं, सुमारे १८० मीटर. ग्रह-तारे, युद्धं, यंत्रं, रुग्णालयातले मृत्यू. स्वतःला तो आकाशस्थ कर्नल म्हणवायचा. बाकावर हलता न येणारे रुग्ण भिंतीला टेकून बसलेले असत. त्यांना न उठवता त्यांच्या डोक्यांभोवतीने तो कोरत गेला, असं सांगतात. आल्दो त्राफेली नावाच्या परिचारकाने त्याच्याशी बोलून ते वाचायला शिकून घेतलं, म्हणून आज आपल्याला त्यातलं काही कळतं. गिलावा पडत चालला आहे. तुझ्या फोटोत कदाचित अशी अक्षरं असतील जी पुढच्या पावसाळ्यानंतर दिसणार नाहीत. आणि त्याखाली तू लिहिलंस 'टेक्स्चर'.

फोटोओळ लिही. माहीत नसेल तर 'माहीत नाही' असं लिही, पण लिही.

तुझे मित्र म्हणतात तशी ती जागा झपाटलेली वगैरे नाही. १९७८च्या १८० क्रमांकाच्या कायद्याने इटलीतली मनोरुग्णालयं टप्प्याटप्प्याने बंद झाली, त्यात हेही रिकामं झालं. त्यामागे फ्रांको बाझाल्या या डॉक्टरचा लढा होता. कार्ला चेराती आणि जान्नी बेरेंगो गार्दिन या छायाचित्रकारांनी इटलीतल्या अशा इतर रुग्णालयांत माणसं असताना फोटो काढले; १९६९ साली ते पुस्तकरूपाने आले, तेही मजकुरासकट. बघ, त्यांनाही शब्द लागले.

मी वर्तमानपत्रात असताना यावरून कायम भांडलो. 'फोटो स्वतःच बोलतो' हे वाक्य ऐकून माझे कान किटले. एका मासिकाने जागा नाही म्हणून माझ्या ओळी कापल्या, त्यानंतर त्यांना एकही फोटो दिला नाही. मुखपृष्ठं इतरांना मिळाली, मला हटवादी म्हटलं गेलं. म्हणोत. माझी एक आत्या अशाच एका रुग्णालयात गेली. तिचा एकच फोटो घरात आहे. ओसरीवर आणखी दोन बायका बसल्यात, मागची बाजू कोरी. वर्ष कुठलं, त्या दोघी कोण, आत्या का हसतेय, सांगणारं आता कुणीच नाही. वडील असताना मी विचारायला हवं होतं, ही खंत आहेच. फोटो नितांतसुंदर आहे, पण त्याचं मी काय करू?

व्होल्तेर्रात रुग्णांनी घरी लिहिलेली कितीतरी पत्रं पाठवलीच गेली नाहीत, केसपेपरांना जोडून राहिली. असा कागद जमिनीवर दिसला तर उचलू नकोस, त्यावरचं नाव फ्रेममध्ये येऊ देऊ नकोस. त्यांची नातवंडं हयात असतील. नान्नेत्तीचं नाव जाहीर आहे. बाकीच्यांचं उघड करायचा हक्क आपल्याला कुणी दिला? परत आल्यावर इथेही असं काम करायचं म्हणतेस, तर हे लक्षात ठेव: येरवड्याचं रुग्णालय चालू आहे, तिथे माणसं राहतात, आणि २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार उपचार घेणाऱ्याचा फोटो त्याच्या संमतीशिवाय माध्यमांना देता येत नाही.

आणि कुंपण ओलांडून एकटी जाऊ नकोस. परवानगी माग, सोबत कुणाला तरी घे, कुजलेल्या जमिनीवर पाय टाकू नकोस. एवढं तुला कळतं.

रंगीत की कृष्णधवल, ते नंतर पाहू. आधी गावातल्या ग्रंथालयात बस, इमारतींचा नकाशा मिळव, म्हाताऱ्या परिचारकांना भेट, तोडक्यामोडक्या इटालियनमध्ये का होईना, बोल. मग हेच फोटो ओळींसह पुन्हा पाठव. ओळ नसलेला फोटो मी उघडणार नाही.

तुझा,
काका