ठिणगी नसताना उपग्रहाच्या थ्रस्टरमधलं, म्हणजे छोट्या इंजिनातलं, हायड्रॅझिन हे इंधन पेटतं कसं?

ते पेटत नाही, त्याचे रेणू फुटतात. ऑक्सिजन लागतच नाही. थ्रस्टरमध्ये अ‍ॅल्युमिनाचे (अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचे) सच्छिद्र दाणे भरलेले असतात, त्यांवर इरिडियम हा धातू चढवलेला. हायड्रॅझिनचा रेणू इरिडियमला चिकटला की त्याचे बंध सैल होतात. अमोनिया आणि नायट्रोजन सुटतात, प्रचंड उष्णता निघते. मग काही अमोनियाही फुटून हायड्रोजन देतो, पण ही पायरी उष्णता खाते. म्हणून दाण्यांच्या थराची लांबी फार जपून ठरवतात. खरी कारागिरी तिथेच आहे!

असाच प्रकार दाखवायला कोथरूडला शिकवणीत मी हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये मँगनीज डायऑक्साइडची चिमूट टाकते. काळी पूड तळाशी जाताच फेस उसळतो, परीक्षानळी हाताला गरम लागते. सोयूझ रॉकेटचे इंधनपंप याच पेरॉक्साइडच्या, अर्थात कितीतरी तीव्र, विघटनावर फिरतात.