पडदा आणि पत्रं : चौथं तिकीट

कापूस वेचणीला बाया मिळत नाहीत अशी ओरड गावोगावी आहे, पत्रं लिहायला मात्र राजेहो, तुम्हाला वेळ मिळाला. या खेपेला एकोणीस आली. सहा घेतो. शिव्यांची दोन संपादकांनी स्वतःकडे ठेवून घेतली.

प्रश्न : सर, दवाखान्यात नंबर लागेपर्यंत तुमचा एप्रिलचा जुना अंक हाती पडला. ‘स्थळ’बद्दल तुम्ही लिहिलंय की मुलगी पाहण्याचा प्रसंग परत परत येतो, त्यातले दोन कापले असते तर चित्रपट आटोपशीर झाला असता. मला आजवर अकरा ठिकाणच्यांनी पाहिलं. त्यातले कोणते दोन कापायचे?
(एक वाचक, कोरपना तालुका)

उत्तर : एकही नाही, ताई. ते वाक्य चुकलं. कसं चुकलं तेही सांगतो, कारण नुसतं ‘चुकलं’ म्हणून सुटणं सोपं असतं.

जयंत दिगंबर सोमलकर यांचा हा चित्रपट आपल्याच चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावात घडतो आणि इथल्याच माणसांना घेऊन केलेला आहे. सविता झालेली नंदिनी चिकटे काही मुंबईची नटी नव्हे. २०२३ साली टोरोंटोच्या महोत्सवात त्याला आशियाई चित्रपटांसाठीचा नेटपॅक पुरस्कार मिळाला, आणि आपल्याकडे तो लागला ७ मार्च २०२५ला. टोरोंटोहून चंद्रपूरला पोचायला दीड वर्ष. आमची वरोऱ्याची एसटी बरी.

मी मंगळवारी दुपारच्या खेळाला गेलो. खिडकीवरचा पोरगा म्हणाला, “काका, चार तिकिटं झाली तर लावतो, नाईतर नाई.” मी एकटा. बाहेर सावलीला दोघं उभे होते, मार्च एंडचं कर्ज नवं-जुनं करायला आलेले. बँकेतले साहेब जेवायला गेले होते. त्यांना म्हटलं, चला, आत थंड हवा आहे. तिघांची तिकिटं काढली. चौथं कोणाच्याच नावाचं नव्हतं, ते काढून माझी पिशवी शेजारच्या खुर्चीवर ठेवली. शो लागला.

सुरुवातीला सविताचं स्वप्न आहे. पाहायला बसवलेला मुलगा असतो आणि प्रश्न विचारणाऱ्या सगळ्या बाया. त्यावर आम्ही तिघं मोकळेपणानं हसलो. पुढे जाग आल्यावर तेच प्रश्न सविताला : नाव काय, शिक्षण किती, उंची किती. एक स्थळ गेलं, दुसरं आलं, प्रश्न तेच. मध्यंतराच्या आधी त्या दोघांतला वयानं मोठा होता तो उठून बाहेर गेला. मी अंधारातच वहीत खरडलं, ‘पुनरुक्ती. प्रेक्षक उठतो.’

खेळ सुटल्यावर पाहतो तर तो पायरीवर बसलेला. टोपी काढून गुडघ्यावर ठेवलेली. विचारलं, का हो, आवडला नाही? तो म्हणाला, “आवडाचं का त्याच्यात. त्या पोरीले उंची इचारली ना त्यायनं. माह्या पोरीले मी सोताच म्हनलं होतं, उभी राहून दाखव बाई.” मग टोपी घातली, मित्राला हाक मारली आणि बँकेकडे गेला.

हे मी लेखात घातलं नाही. वहीतलं वाक्य घातलं, कारण ते समीक्षेसारखं दिसत होतं.

आता तुमच्या पत्रानंतर विचार करतो तर त्या प्रसंगांमध्ये बदल होतो तो विचारणाऱ्यांत नाही, सविताच्या बापात होतो. तो शेतकरी आहे, त्याला भाव पाहिजे आहे. तेव्हाच्या, म्हणजे २०२४-२५च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,५२१ रुपये क्विंटल होता. ज्याच्या घरी कापूस आणि पोरगी दोन्ही आहे त्याला दोन्हीकडून एकच उत्तर येतं, थांबा, पाहू. आमच्या घरी समोरच्या खोलीत होळीपर्यंत कापूस भरलेला असायचा. अंगाला खाज सुटायची, पाहुणे आले तर त्याच ढिगाला टेकून बसायचे. घ्यायला आलेला माणूस मूठभर कापूस उचलायचा, अंगठा आणि बोटाच्या मधे धागा ताणून पाहायचा, नखानं सरकी दाबायचा आणि म्हणायचा, ओल आहे. सगळं तपासून झाल्यावर, आधी ठरवलेलाच भाव सांगायचा. हे मी दहा-बारा वर्षं पाहिलं. तरी मला तो प्रसंग ‘परत परत’ वाटला, याला काय म्हणावं!

कॉलेजात समाजशास्त्राच्या तासाला स्त्रियांच्या सक्षमीकरणाचे धडे आणि घरी पाहण्याचा कार्यक्रम, हा विरोध मात्र मला आजही जरा बोट धरून दाखवल्यासारखा वाटतो. ते मत मागे घेत नाही.

प्रश्न : तुम्ही ‘पुष्पा २’ पाहा म्हणून लिहिलं, पण तो तीन तास वीस मिनिटांचा आहे हे लिहिलं नाही. माझी शेवटची बस गेली. रात्र स्टँडवर काढली.
(एक वाचक, जिवती)

उत्तर : मान्य. यापुढे चित्रपटाच्या नावाखाली लांबी लिहीन, दिग्दर्शकाच्या नावाच्याही आधी. स्टँडवरच्या त्या रात्रीला मी जबाबदार, पण हिंदीत अल्लू अर्जुनला श्रेयस तळपदेचा आवाज आहे, त्याची तरी मजा आली असेल.

प्रश्न : शिनेमात आमची बोली बोलनारा मानूस नेहमी एक तं नोकर राह्यते, नाईतर येडा. काहून?
(एक वाचक, समुद्रपूर)

उत्तर : कारण लिहिणाऱ्याला ती बोली येत नसते, त्याला फक्त तिचे चार शब्द येतात. ‘काहून’, ‘पोट्टा’, ‘बावा’, ‘लय’. ते चार शब्द घेऊन फार तर एखादा विनोद होतो, माणूस उभा राहत नाही. माणसाला रागावता यायला पाहिजे, गप्प बसता यायला पाहिजे, बायकोशी हळू आवाजात बोलता यायला पाहिजे. ‘लय भारी बावा’ म्हणत हळू कसं बोलणार?

पण अपवाद आहेत आणि ते चांगले आहेत. सतीश मनवर यांचा ‘गाभ्रीचा पाऊस’ २००९चा. नावातच शिवी आहे, आणि ती आपल्याकडे पावसाला घालतात तशीच घातली आहे, अर्ध्या रागानं आणि अर्ध्या लाडानं. गिरीश कुलकर्णी आणि सोनाली कुलकर्णी नवरा-बायको. शेजारच्या शेतकऱ्यानं जीव दिल्यावर तिच्या मनात भीती बसते की आपला नवराही तसंच करेल. म्हणून ती त्याच्या पाठी लहान पोराला लावून देते. तो वावरात गेला की पोरगं मागे, धुऱ्यावर गेला की मागे. त्याला कळत नाही हे पोट्टं असं चिकटलं का. प्रेक्षक हसतो, आणि हसता हसता त्याला आठवतं की पोराला कशाची राखण करायला पाठवलं आहे. त्या चित्रपटातली बोली विनोदासाठी आणलेली नाही. ती घरातच होती.

दुसरा ‘झुंड’. मार्च २०२२. नागराज मंजुळे यांनी नागपूरच्या वस्तीतली पोरं घेतली, अंकुश गेडामसारखी, आणि त्यांना त्यांच्याच हिंदीत बोलू दिलं. ती ना धड हिंदी ना धड मराठी, नागपूरच्या चौकातली. अमिताभ बच्चन यांनी केलेला मास्तर वस्तीतल्या पोरांना फुटबॉल शिकवणाऱ्या विजय बारसे यांच्या कामावर बेतलेला आहे, हे तुम्हाला ठाऊक असेलच. लोकांनी तक्रार केली की उत्तरार्ध लांबला. लांबला खरा. पण रिंकू राजगुरूनं केलेली मुलगी आणि तिचा बाप ओळखीच्या कागदासाठी दारोदार फिरतात, तो भाग मला कमी करवला नसता. आपण भारतातच राहतो हे सिद्ध करायला किती झेरॉक्स लागतात, ते गडचिरोली-गोंदियाच्या वाचकांना मी काय सांगू.

आणि तिसरं नाव वीरा साथीदार. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’मधले शाहीर नारायण कांबळे. कथा मुंबईची, माणूस मात्र नागपूरचा आणि चळवळीतला. म्हणून तो शाहीर अभिनय करतो आहे असं वाटतच नाही, कोर्टाच्या तारखेला कंटाळलेला माणूस वाटतो. २०२१च्या एप्रिलात करोनानं ते गेले. आपल्याकडच्या किती जणांनी ‘कोर्ट’ पाहिला असेल? राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट ठरलेला चित्रपट आहे तो.

प्रश्न : ‘छावा’ पाहून आमच्या गावातली पोरं डोळे पुसत बाहेर आली. तुम्ही मात्र हातचं राखून लिहिलं. रक्त थंड झालं का?
(एक वाचक, दारव्हा)

उत्तर : डोळे माझेही ओले झाले. शेवटच्या छळाच्या प्रसंगांना कोणाचे होणार नाहीत? पण समीक्षेत मला हे लिहायचं असतं की आधीच्या दोन तासांत त्या राजाची ओळख मला किती झाली. शिवाजी सावंतांची कादंबरी ज्यांनी एसटीत, दिव्याखाली, कुठंकुठं वाचली त्यांना संभाजीराजे विचार करणारा माणूस म्हणून भेटले होते. लक्ष्मण उतेकरांच्या चित्रपटात विकी कौशल गर्जतो फार. जीव तोडून काम केलंय, त्यात शंका नाही, पण आवाज पहिल्याच प्रसंगात टिपेला गेला तर शेवटी न्यायचा कुठं? उलट अक्षय खन्नाचा औरंगजेब आवाज चढवत नाही, म्हणून त्याच्याकडे नजर जाते. पार्श्वसंगीतही मला जागोजागी वेगळ्याच काळातून आल्यासारखं वाटलं. लेझीमच्या नाचावर गदारोळ झाला आणि तो काढला गेला, त्यावर मी लिहिलं नाही म्हणून दोघांनी विचारलंय. जे पडद्यावर नाही त्याची समीक्षा करत नाही.

प्रश्न : मी झाडीपट्टीत बावीस वर्षं काम करतो. ‘दशावतार’ पाहिला. कोकणातल्या कलावंतावर एवढा मोठा चित्रपट होतो, आमच्यावर का नाही?
(एक कलावंत, देसाईगंज)

उत्तर : हा प्रश्न मलाही ‘दशावतार’ पाहताना सारखा टोचत होता. १२ सप्टेंबर २०२५ला तो लागला तेव्हा दिलीप प्रभावळकरांचं वय ८१. नजर अधू होत चाललेला म्हातारा दशावतारी त्यांनी असा केलाय की चेहऱ्याला रंग लावतानाचा त्यांचा हात पाहत राहावं. सुबोध खानोलकरांचा पूर्वार्ध मला म्हणूनच आवडला. त्याला ती कला कशी चालते हे माहीत आहे. उत्तरार्धात मुलाच्या मरणानंतर सूड सुरू होतो आणि अवतार हे हत्यार होतात. टाळ्या पडतात, पण तो हात दिसेनासा होतो.

झाडीपट्टीवर करायचा तर तो हात शोधावा लागेल. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, झाडीपट्टी म्हणजे आपल्या पूर्व विदर्भातली गावोगाव फिरणारी रंगभूमी : दिवाळी झाली की वडशाच्या, म्हणजे देसाईगंजच्या नाटक कंपन्यांचे टेम्पो सुटतात. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया. गावात दिवसा शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, रात्री नाटक, ते पहाटेपर्यंत. लोक चादरी, घोंगडी घेऊन बसतात. मधे मधे गाणी. मी एकदा सिंदेवाहीकडे मंडपाच्या मागे उभा होतो. दुसऱ्या अंकात मेलेल्या सुनेचं काम करणारी बाई टेम्पोच्या मागच्या फळीवर बसून गरम चहानं घसा शेकत होती. उद्या ब्रह्मपुरीकडे, परवा अजून कुठं. समोर पब्लिक तिच्या नावानं रडत होतं, आणि तिनं मला विचारलं, “भाऊ, इथून वडशाची पहिली गाडी किती वाजता?” चित्रपट तिथून सुरू व्हावा. झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हा मुंबईच्या चार जणांनी मला फोन करून विचारलं, झाडीपट्टी म्हणजे नेमकं काय. चौघेही चित्रपटवाले. तेव्हा ‘का नाही’चं उत्तर तुम्हीच ओळखा.

प्रश्न : मी बारावीत आहे. मले समीक्षक व्हायचं आहे. काय वाचू?
(एक विद्यार्थिनी, आर्णी)

उत्तर : वाच काहीही, त्याची घाई नाही. आधी एक काम कर. तुझ्या गावातली जी बाई शेवटची चित्रपटगृहात गेली असेल तिला गाठ. बहुतेक ‘बाईपण भारी देवा’ला गेली असेल, २०२३ साली आमच्याकडून बाया ट्रॅक्स करून गेल्या होत्या. तिला ‘आवडला का’ असं विचारू नको, ती हो म्हणेल. कोण कोण गेल्या होत्या, घरी स्वयंपाक कोणी केला, कोणत्या प्रसंगाला शेजारणीचा हात धरला, आणि ट्रॅक्समधे परत येताना कोण गप्प होती, ते विचार. मग ती बोलते तसंच लिहून काढ, तिची भाषा सुधारू नको. दोन पानं झाली की मला पाठव. मासिकाचा पत्ता मागच्या पानावर आहे. शाईच्या पेनानं लिहू नको, तुझ्याआधी आर्णीहूनच आलेलं एक पत्र पावसात भिजून आलं, फक्त सही वाचता आली.