आधी मॅप नीट करा, ट्रॅक्शन कंट्रोल नंतर

पाऊस ओसरला की ठाण्या-नवी मुंबईतून बाइक छोटा हत्तीत चढवून कोइमतूरच्या कारी ट्रॅकला नाहीतर चेन्नईजवळच्या ट्रॅकवर न्यायची तयारी सुरू होते आणि प्रश्न यायला लागतात. यंदा बहुतेक फ्युएल मॅप (इंजिनाला कधी किती पेट्रोल द्यायचं ते ठरवणारा तक्ता) आणि ट्रॅक्शन कंट्रोल म्हणजे टीसी (मागचं चाक घसरलं की पॉवर तोडणारी यंत्रणा) यांबद्दलचे आहेत, एकेक घेऊया.

घोडबंदर रोड: जुनी केटीएम आरसी ३९० फक्त ट्रॅकसाठी ठेवलीय. फुल एक्झॉस्ट, पिगीबॅक (मूळ ईसीयूला जोडून पेट्रोल कमी-जास्त करणारा डबा), डायनोवर (पॉवर मोजायच्या यंत्रावर) मॅप, सगळं केलं, पॉवरही वाढली. पण कारीला कॉर्नरमध्ये थ्रॉटल उघडला की गाडी झटका देते. तिथल्या उंचीमुळे असेल का?

उंचीमुळे नाही. कोइमतूर समुद्रसपाटीपासून साधारण ४०० मीटरवर, म्हणजे हवा चारेक टक्के विरळ, त्याने सगळीकडेच थोडी पॉवर कमी होईल, एकाच जागी झटका बसणार नाही. तुमचा डायनोचा ग्राफ बघा, तो बहुतेक फुल थ्रॉटलचाच असणार. बरेच जण तेवढंच करून घेतात कारण मित्रांना सांगायला आकडा तिथेच मिळतो. पण मॅप म्हणजे एका बाजूला आरपीएम आणि दुसऱ्या बाजूला थ्रॉटलचे टक्के असा तक्ता, आणि कॉर्नरमधून निघताना तुम्ही असता २ ते १५ टक्क्यांच्या रकान्यांत, ज्यांना कोणी हातच लावलेला नाही. थ्रॉटल पूर्ण बंद असताना ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, पेट्रोल तोडतो, उघडला की परत देतो, आणि त्या क्षणी मिश्रण लीन, म्हणजे पेट्रोल कमी, हवा जास्त असेल (मोकळ्या एक्झॉस्टने बऱ्याचदा होतंच) तर इंजिन आधी काहीच देत नाही आणि मग एकदम देतं. तो झटका थेट मागच्या टायरला, तोही गाडी झुकलेली असताना.

आता करायचं काय, तर लॅपटॉप उघडायच्या आधी चेनचा स्लॅक (ढिलेपणा) आणि थ्रॉटलचा प्ले (मोकळी हालचाल) बघा, ढिली चेन अगदी असाच झटका देते. मग एक्झॉस्टचे जॉइंट, कारण सेन्सरच्या आधी गळती असली तर बाहेरची हवा आत ओढली जाऊन रीडिंग खोटंच लीन येतं आणि ट्यूनर त्यावर पेट्रोल वाढवत बसतो. हे झालं की वाइडबँड (मिश्रण अचूक मोजणारा सेन्सर) लावून ५, १०, १५ टक्के थ्रॉटलला आरपीएम धरून ठेवून एकेक रकाना भरायला सांगा, वेळखाऊ आहे, पैसेही जास्त लागतील, पण खरं ट्यूनिंग हेच. फुल थ्रॉटलला लॅम्ब्डा (मिश्रणाचं माप, १ म्हणजे आदर्श, त्याखाली पेट्रोल जास्त) ०.८८च्या आसपास, कमी थ्रॉटलला ०.९२ ते ०.९५, आणि शेजारच्या दोन रकान्यांत मोठी उडी नको. कंपनीचा ओटू सेन्सर (एक्झॉस्टमधला ऑक्सिजन बघणारा) अजून जोडलेला असेल तर कमी थ्रॉटलला ईसीयू मिश्रण परत १ कडे ओढत राहतो, पिगीबॅकने घातलेलं पेट्रोल तो काढून टाकतो, त्याचा बंदोबस्त आधी करा. आणि हे सगळं तपासायला रात्री पाम बीच रोडवर जाऊ नका, मनापासून सांगतोय, तिथे माणसांचे जीव जातात.

वाशी: नवीन आरसी ३९०ला मागे १५० ऐवजी १६०/६० टायर टाकला. टीसी आता उशिरा पकडतं असं वाटतं. भास आहे का?

भास नाही. टीसी पुढच्या आणि मागच्या चाकाचा वेग एबीएसच्या सेन्सरवरून बघतं आणि मागचं चाक जितकं जास्त पळतंय तितकी स्लिप समजतं. १५०/६०-१७ चा व्यास साधारण ६१२ मिलिमीटर, १६०/६० चा ६२४, म्हणजे २ टक्के मोठा. मोठं चाक तेवढ्याच स्पीडला कमी फिरतं, म्हणून खरी घसरण सुरू झाली तरी पहिले २ टक्के ईसीयूला दिसतच नाहीत. उलट दिवसभर चालवून मागचा टायर झिजला की तेच टीसी लवकर पकडायला लागतं, दुपारच्या सेशनला दिवा जास्त लुकलुकतो त्याचं एक कारण हे.

अजून एक गोष्ट आहे जी फार कमी लोक बोलतात. गाडी झुकली की टायर कडेवर चालतो, तिथे त्रिज्या कमी, आणि मागचा टायर रुंद असल्यामुळे त्याची त्रिज्या पुढच्यापेक्षा जास्त घटते, त्यामुळे अजिबात घसरण नसताना मागचं चाक जास्त फिरताना दिसतं. तुमच्या गाडीत झुकाव मोजणारा सेन्सर आहे, ईसीयू हा फरक वजा करतो, पण ते गणित मूळ मापाच्या टायरवर बसवलेलं आहे. १६० त्या रिमवर आवळला जाऊन त्याचा आकारही बदलतो, मग गणित दोन्हीकडून चुकतं. माझा सल्ला एकच, मूळ मापात चांगल्या कंपाउंडचा टायर घ्या. रुंद टायर म्हणजे जास्त ग्रिप हे या गाडीला लागू नाही.

ऐरोली: डायनोवर पॉवर मध्येच पडते, आणि पॅडॉक स्टँडवर (मागचं चाक उचलून धरणाऱ्या) गिअर टाकला तर टीसीचा दिवा लागतो. सेन्सर गेलाय का?

बहुतेक नाही. दोन्हीकडे पुढचं चाक थांबलेलं आणि मागचं फिरतंय, टीसीला ती सरळ घसरण वाटते आणि ते पॉवर तोडतं. डायनोवर टीसी बंद करा. दिवा थोडं अंतर चालवून गेला तर विषय संपला, नाही गेला तर एरर कोड वाचून घ्या.

कोपरी: दोन-तीन वर्षांपूर्वी मॅप केला होता, आता पंपावर ई२० (२० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल) आहे. मॅप परत करावा लागेल?

हो, निदान तपासा तरी. साध्या पेट्रोलचं हवा-पेट्रोलचं आदर्श प्रमाण (एएफआर) १४.७, ई१० चं १४.१च्या आसपास, ई२० चं साधारण १३.५. म्हणजे ई१० वर केलेल्या मॅपमध्ये आज मिश्रण चारेक टक्के लीन आहे, आणि फुल थ्रॉटलला, जिथे इंजिन सगळ्यात तापतं, तिथे ओटू सेन्सरची मदत नसते. मीटर एएफआरवर न ठेवता लॅम्ब्डावर ठेवा, म्हणजे पेट्रोल कुठलंही असो ०.८८ म्हणजे ०.८८च. आणि गाडी पावसाळाभर उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करा, इथेनॉल पाणी ओढतं आणि आपल्याकडच्या जुलैच्या हवेत पाण्याला तोटा नाही.

नेरूळ: मुलगा १९ वर्षांचा आहे, आर१५ वर पहिल्यांदा ट्रॅकवर जायचं म्हणतो. ट्रॅक्शन कंट्रोल आहे, पडणार नाही, असं सांगतो. खरं आहे का?

ताई, अर्धंच खरं आहे. टीसी फक्त थ्रॉटल दिल्यावर मागचं चाक घसरलं तर मदत करतं. कॉर्नरमध्ये शिरताना ब्रेक दाबलेला असताना पुढचा टायर सुटला तर ते काहीही करू शकत नाही, आणि नवीन मुलं तिथेच जास्त पडतात. त्यात त्याच्या गाडीत झुकाव मोजायचा सेन्सर नाही, फक्त चालू-बंद एवढंच आहे. ते चालूच ठेवायला सांगा. पण जाऊ द्या त्याला, रस्त्यापेक्षा ट्रॅक कितीतरी बरा, समोरून ट्रक येत नाही. पहिल्यांदा शिकवणारे असतील अशाच ट्रॅक डेला पाठवा, पहिले दोन-तीन लॅप टायर गरम होईपर्यंत हळू, मॅप-बिपच्या नादाला वर्षभर लागायचं नाही, स्टॉक गाडीवरच शिकू दे. पैसे घालायचे तर लेदर सूट, बॅक प्रोटेक्टर, हेल्मेट आणि ग्लव्हजमध्ये घाला. आणि सूट अंगासरशी घ्या, अजून अंगाने भरेल म्हणून सैल घेऊ नका, सैल सूटमध्ये पडलं की कोपराचं आणि गुडघ्याचं आर्मर जागेवरून सरकतं.