काकूंच्या ट्रंकेत दुसऱ्याच बाईची सही

प्रश्न : माझ्या मोठ्या काकू मागच्या वर्षी वारल्या. वय ९१. लग्नाआधी मुंबईला जे. जे. स्कूलमध्ये चित्रकला शिकल्या होत्या, एवढंच आम्ही ऐकून होतो. हातात ब्रश घेतलेलं मात्र आमच्या पिढीत कुणी पाहिलं नाही. माळ्यावरच्या ट्रंकेत सहा स्केचबुकं, चाळीसेक पत्रं, हिशेबाच्या वह्या आणि गुंडाळलेली अकरा चित्रं निघाली. चित्रांवर १९५४, १९५५ अशी सालं आहेत, पण सही भलत्याच बाईची! चित्रं काकूंची नसतील का? आणि पत्रं खासगी आहेत, जाळून टाकू, असं घरात चाललंय. काय करावं?
– एक वाचक, सातारा

उत्तर : सही बहुधा काकूंचीच आहे. फक्त त्या तुमच्या काकू व्हायच्या आधीची. लग्नात आडनाव जायचंच. पुष्कळ घरांत ताटातल्या तांदळावर अंगठीनं नवं नाव लिहून पहिलं नावही बदलायचे. वीस वर्षांची मुलगी चित्राच्या कोपऱ्यात जे नाव घालत होती, ते एका दुपारीत संपलं. तेव्हा आधी लग्नपत्रिका शोधा. 'चि. सौ. कां.'च्या पुढे छापलेलं नाव आणि चित्रावरची सही ताडून बघा. पत्रिका नसेल, तर काकूंच्या माहेरी कुणी उरलं असेल त्यांना विचारा, आणि विचारायला उशीर करू नका. कॉलेजात किंवा प्रदर्शनाच्या जुन्या कॅटलॉगात नोंद असलीच तर ती माहेरच्या नावानं असणार. सासरच्या नावानं शोधत बसलं की काही सापडत नाही, आणि मग 'तशा काही नावाजलेल्या नव्हत्या' म्हणून आपण मोकळे होतो.

अंबिका धुरंधर (१९१२–२००९) आठवून बघा. जे. जे.मध्येच शिकल्या. वडील रावबहादूर म. वि. धुरंधर, चित्रकार म्हणून घराघरांत माहीत. अंबिकाबाईंचं नाव शेवटपर्यंत तेच राहिलं, शिवाय 'माझी स्मरणचित्रे' म्हणून स्वतःच्या आठवणीही त्यांनी लिहून ठेवल्या. म्हणून त्या आपल्याला सापडतात. तुमच्या काकूंच्या बाजूनं बोलायला ती ट्रंक तेवढी आहे.

आता ट्रंकेबद्दल. तुम्ही पत्रं एकीकडे, चित्रं दुसरीकडे आणि हिशेबाच्या वह्या रद्दीकडे, अशी वाटणी अजून केली नसेल असं मी धरून चालते. मी केली होती. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी अशाच एका चित्रकार बाईंचे कागद लावायला घेतले आणि दूध-धोबी-वाण्याच्या वह्या पहिल्याच दिवशी बाजूला काढल्या. त्यांच्या सुनेनं त्या टाकल्या नाहीत, हे माझं नशीब. महिन्याभरानं सहज एक उघडली, तर दुधाच्या आणि इस्त्रीच्या मध्ये 'व्हाइट मोठी ट्यूब १, बर्न्ट सिएना १, जवसाचं तेल'. ज्या चित्रांवर साल नव्हतं, त्यांतल्या तीन चित्रांचा काळ मला त्या वह्यांवरून लावता आला. पुढे एका पानावर बारशाचा खर्च आहे, पेढे धरून. त्यानंतर रंगांची खरेदी नाही. अकरा वर्षं नाही. मग एकदम एक स्वस्तातली जलरंगांची पेटी, मुलाच्या शाळेच्या वह्यांच्या खाली लिहिलेली. ती मुलासाठी होती की स्वतःसाठी, यावर मी आणि सूनबाई अजून वाद घालतो.

तेव्हा ट्रंक आहे तशीच ठेवून आधी वरून फोटो काढा. मग एकेक वस्तू काढताना पेन्सिलीनं क्रमांक टाका आणि कशाखाली काय होतं ते लिहा. पत्रांची पाकिटं फेकू नका. आत तारीख नसली तरी पोस्टाच्या शिक्क्यात असते. चित्रांच्या पाठी बघा. मागे कधी किंमत लिहिलेली असते, कधी दुसरंच अर्धं चित्र असतं. गुंडाळी उलगडताना रंग तडतडू लागला तर तिथेच थांबा आणि जाणकाराला दाखवा. कोळशाची किंवा पेस्टलची रेखाटनं असतील तर फुंकरसुद्धा मारू नका, मध्ये बटर पेपर घाला.

गंजलेल्या टाचण्या आणि रबरबँड काढा. सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर नकोच. ते पुन्हा निघत नाही. कसर लागू नये म्हणून घरोघरी कागदांना ऊन दाखवतात, पण त्यानं शाई आणि जलरंग दोन्ही उडतात. खळ पूर्ण निघेपर्यंत धुतलेल्या मांजरपाटात बांधा आणि माळ्यावरून खाली आणा. पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीला लागून ठेवू नका.

कायद्याचं थोडक्यात : चित्रांचा कॉपीराइट चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं वारसांकडे राहतो. काकूंना आलेल्या पत्रांचे कागद तुमचे, पण मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा किंवा त्याच्या वारसांचा. छापायची झाली तर त्यांना विचारावं लागेल. जपून ठेवायला कुणाला विचारायला नको.

राहिलं जाळण्याचं. चित्रकार अमृता शेरगिल परदेशात असताना तिला आलेली पत्रं तिच्या आई-वडिलांनी जाळून टाकली. कळल्यावर तिनं वडिलांना लिहिलेलं पत्र मात्र टिकलं, आणि पुढे तिचा भाचा विवान सुंदरम यानं तिच्या पत्रांचे आणि लेखनाचे दोन खंड २०१० मध्ये काढले, तेव्हा सगळ्यांना वाचायला मिळालं. अब्रूसाठी जाळलं, आणि जाळल्याचीच गोष्ट छापून आली. अमृता गेली ती २८ वर्षांची, १९४१ साली. तुमच्या काकू त्यानंतर आठ दशकांहून जास्त जगल्या, आणि एवढ्या वर्षांत ती पत्रं त्यांनी स्वतः जाळली नाहीत. घरातला पाणी तापवायचा बंब त्यांच्याच हाताखाली होता.

वाचायची नसतील तर नका वाचू, तेही बरोबर आहे. सगळी एका मोठ्या पाकिटात घाला, वर काकूंची दोन्ही नावं लिहा, माहेरचं आधी, आणि खाली 'वाचलेली नाहीत' एवढं लिहून आजची तारीख टाका. लग्नपत्रिका सापडली तर मला कळवा.