सोळा वर्षांच्या मुलीला मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन द्यावे का?

आपण लिहिले आहे की मुलगी अकरावीत आहे, दोन वर्षे लावायची औषधे वापरून आणि डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिकचा कोर्स पूर्ण करूनही गालांवरची व हनुवटीवरची मुरुमे हटलेली नाहीत, त्वचारोगतज्ज्ञांनी आता आयसोट्रेटिनॉइनच्या कॅप्सूल सुचवल्या आहेत आणि सासूबाई मात्र ‘वय सरले की आपोआप जातील’ म्हणून ठाम विरोधात आहेत. मी डॉक्टर नाही. माझ्या मुलाने सतराव्या वर्षी हेच औषध सुरू केले होते. त्या वर्षभरात जे पाहिले आणि तज्ज्ञांना विचारून जे समजून घेतले, त्यावरून हे उत्तर लिहीत आहे.

सासूबाईंचे म्हणणे अर्धे खरे आहे. मुरुमे बहुतेकांची जातात, पण त्यांनी पाडलेले खड्डे जात नाहीत. माझ्या वडिलांनीही मला हेच सांगितले होते आणि त्यांचा शब्द मानल्याची खूण माझ्या दोन्ही गालांवर आजही आहे. म्हणून औषध किती कडक आहे, हे विचारण्याआधी मुरुमे मागे काय ठेवून जात आहेत, हे पाहावे. मुलीला खिडकीशी बसवून तिरप्या उजेडात गाल नीट पाहा. नुसते काळपट डाग असतील तर ते काही महिन्यांत फिकट होतात. त्वचा खोल गेलेली दिसत असेल किंवा आत दुखऱ्या गाठी येत असतील, तर थांबण्याची किंमत दर महिन्याला वाढत आहे असे समजावे. तिची पाळी अनियमित असेल किंवा हनुवटीवर राठ केस येत असतील, तर हे आधी डॉक्टरांना सांगावे, कारण मग हार्मोनच्या तपासण्या करून उपचारांची दिशाच बदलू शकते.

आम्ही एक वर्ष वाया घालवले. ओळखीच्या मेडिकलवाल्याने एक ट्यूब दिली, आठवड्यात चेहरा नितळ झाला आणि आम्ही खूश झालो. त्या ट्यूबमध्ये स्टेरॉइड होते, हे पुढे त्वचारोगतज्ज्ञांनी वेष्टन वाचून सांगितले, तोवर ती बंद करताच मुरुमे दुपटीने उसळू लागली होती. आपल्या घरी अशी एखादी ट्यूब असेल, तर तीही डॉक्टरांना दाखवावी.

आयसोट्रेटिनॉइन हे अ जीवनसत्त्वाच्या कुळातले औषध असून अमेरिकेत त्याला १९८२ मध्ये मान्यता मिळाली. अँटिबायोटिक जंतू कमी करते, तर हे औषध त्वचेतील तेलग्रंथीच आक्रसवते, त्यामुळे कोर्स संपल्यावरही बहुतेकांना त्याचा फायदा टिकून राहतो. एकूण मात्रा साधारणपणे वजनाच्या दर किलोमागे १२० ते १५० मिलिग्रॅम धरतात. मुलगी ४८ किलोची असेल आणि रोज २० मिलिग्रॅम घेत असेल, तर हिशेब साडेनऊ महिन्यांपासून वर्षापर्यंत जातो. चेहरा चौथ्या महिन्यात साफ दिसला म्हणून परस्पर थांबवू नये, आणि पहिल्या महिन्यात मुरुमे वाढली म्हणून घाबरूही नये. कॅप्सूल भरल्या पोटी, थोडा स्निग्धांश असलेल्या जेवणासोबत घ्यायची असते, नाहीतर ती अंगी कमी लागते.

त्रास होतोच, पण त्यातला बराचसा कोरडेपणाचा असतो. मुलाचे ओठ इतके फुटत की पेट्रोलियम जेलीची डबी त्याच्या कंपासपेटीत असे. नाकातून दोनदा थोडे रक्तही आले. यकृत व ट्रायग्लिसराइडच्या (रक्तातील चरबीच्या) रक्ततपासण्या सुरुवातीला आणि नंतर डॉक्टर सांगतील तेव्हा कराव्या लागतात. अ जीवनसत्त्वाच्या गोळ्या व कॉडलिव्हर ऑइल बंद ठेवावे, चेहऱ्याचे वॅक्सिंग टाळावे. या औषधासोबत डॉक्सिसायक्लिन अजिबात घेऊ नये, कारण दोन्ही मिळून कवटीतील दाब वाढू शकतो. तीव्र डोकेदुखी किंवा अंधुक दिसणे हे त्याचे लक्षण.

मनावरील परिणामांबद्दल मोठ्या अभ्यासांमध्ये सरसकट धोका वाढल्याचे स्पष्टपणे दिसलेले नाही, तरीही काही जणांमध्ये नैराश्याच्या तक्रारी नोंदल्या गेल्या आहेत. ब्रिटनमध्ये २०२३ मध्ये अठरा वर्षांखालील मुलांना हे औषध सुरू करताना दोन तज्ज्ञांची सहमती घेण्याचा नियम आला. आमचा मुलगा आधीच लग्नकार्यांना येणे टाळू लागला होता, त्यामुळे चेहऱ्यामुळे येणारी खिन्नता कोणती आणि औषधामुळे येणारी कोणती, हे ओळखणे सोपे नव्हते. आम्ही त्याच्याशी आधीच ठरवले की झोप उडाली, चिडचिड वाढली किंवा काहीच नकोसे वाटू लागले, तर लपवायचे नाही, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा. घरात नैराश्याचा इतिहास असेल तर तो आधीच सांगावा.

आता सर्वांत अवघड मुद्दा. गर्भधारणेत हे औषध थोडे दिवस घेतले गेले तरी बाळात गंभीर व्यंग येऊ शकते. म्हणून सुरू करण्यापूर्वी गर्भचाचणी करतात, आणि औषध चालू असताना व थांबवल्यानंतर निदान एक महिना गर्भ राहता कामा नये. ‘आमच्या मुलीला हे सांगायची गरज नाही’ असे म्हणणारे पालक मी पाहिले आहेत. मला ते साफ अमान्य आहे. तिला हे नीट माहीत असले, तर नव्याने लग्न झालेली मावसबहीण ‘मलाही दोन गोळ्या दे’ म्हणाली तरी ती देणार नाही. आपल्याकडे औषधाची पट्टी घरभर फिरते, म्हणून हे मुद्दाम लिहिले. बाळाला असलेल्या याच धोक्यामुळे कोर्समध्ये आणि नंतर एक महिना रक्तदानही करायचे नसते.

खड्डे पडत असतील, आधीची औषधे खरोखर नियमित लावून झाली असतील आणि मुलीला स्वतःला हवे असेल, तर आपल्या जागी मी होकार दिला असता. तिला नको असेल, तर दोन-तीन महिने थांबलो असतो. नको असलेली कॅप्सूल वर्षभर कोणी नेमाने घेत नाही. पुढच्या भेटीत तिला दहा मिनिटे डॉक्टरांशी एकटीने बोलू द्या आणि आपण बाहेर बाकावर बसा, कारण पाळी, मैत्री आणि मनःस्थितीबद्दलची काही उत्तरे ती आपल्यासमोर देणार नाही.